चक्क्याचं पाणी कुठं गेलं?

मंडळी, श्रीखंडावर आपल्या बडोदेकरांनी आजवर पुष्कळ लिहिलं. कुणाच्या घरी केशर, कुणाच्या घरी जायफळ, चक्का फडक्यावर चोळायचा की पुरणयंत्रातून काढायचा, यावर वादही घातले. पण चक्का टांगल्यावर खालच्या पातेल्यात रात्रभर जे पाणी गळतं, त्याच्याबद्दल कुणी चार ओळी लिहिलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. मी उभा जन्म दुधाच्या धंद्यात घालवला. आणंदला डेअरी शिकलो, पुढे तीसेक वर्षं प्रयोगशाळेत काढली, आणि या सगळ्या काळात मला श्रीखंडापेक्षा त्या पाण्याचंच कोडं जास्त पडत आलं. म्हणून आज लांबलचक लिहितोय, सवडीने वाचा.

आमच्या घरी त्याला निवळ म्हणत. ताकावर जे स्वच्छ पाणी येतं ती ताकाची निवळ, आणि चक्क्याखाली जमतं ती चक्क्याची निवळ. शेजारच्या गुजराती घरांतून चक्क्याला मस्को म्हणायचे, पाण्याला मात्र नुसतं ‘दहींनुं पाणी’. संस्कृतात त्याला ‘मस्तु’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत त्याचे गुणही दिले आहेत: हलकं, तहान भागवणारं, पोट साफ ठेवणारं. म्हणजे ज्यांनी दही बांधायला सुरुवात केली त्यांनी पाणी फेकलं नव्हतं, त्याला नाव दिलं होतं. आता डेअरीतला शब्द ‘व्हे’. पनीरचं पाणी, चीजचं पाणी, चक्क्याचं पाणी, सगळं व्हेच. पण तिन्हींत फरक आहे. चीजचं पाणी गोडसर, पनीरचं किंचित आंबट, आणि चक्क्याचं चांगलंच आंबट, कारण तिथे दूध आधी रात्रभर विरजलेलं असतं. तिन्हींत एक हिरवट पिवळी झाक दिसते, ती रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची. पातेलं उन्हात राहिलं की झाक उतरते आणि जीवनसत्त्वही जातं. आमच्या घरी निवळीवर कायम ताट झाकलेलं असायचं. कारण कुणाला ठाऊक नव्हतं, पण रीत बरोबर होती.

दामाजीरावांनी १७३४ मध्ये बडोदं घेतलं तेव्हापासून देशावरची आणि कोकणातली कुटुंबं इथे येत राहिली. शिलेदार आले, शास्त्री आले, वैद्य आले, आणि आमच्यासारखे कारकून तर ढिगाने आले. आमचे पूर्वज गायकवाडांच्या खानगी खात्यात चिकटले आणि दांडिया बाजारातल्या एका वाड्यात दोन खणांची जागा मिळवून राहिले. येताना काय काय आणलं त्याची यादी कुणी केली नाही. पण पंचात दही बांधून खुंटीला टांगायची सवय नक्की आली. आणि इथे चरोतरच्या म्हशींचं दाट दूध मिळाल्यावर तिला सोन्याचे दिवस आले. गुजरातेत श्रीखंड आमच्यामुळे आलं, असं काही मंडळी छातीठोक सांगतात. मी त्या फंदात पडत नाही. गुजराती घरांत मठो आहे, त्यांचं त्यांना आहे. आपलं आपल्याला.

वाड्यात लग्न निघालं की दोन दोन मण दही बांधलं जायचं. माजघराच्या तुळईला ओळीने पंचे लटकत आणि खाली कल्हईची पातेली. दोन मण दह्याचं निम्म्याहून जास्त पाणीच होतं, म्हणजे मणभराहून अधिक निवळ सकाळपर्यंत जमायची. एवढ्या निवळीचं करायचं काय? पुऱ्यांची कणीक तिच्यात भिजायची, म्हणून त्या दिवशीच्या पुऱ्या जरा खुसखुशीत लागत. कढी व्हायची. थालीपिठाच्या भाजणीत पडायची. तांब्याची भांडी तिने लख्ख निघत. बायका केसांना लावत. आणि तरी उरायची. पितळेच्या भांड्याची कल्हई गेली असेल तर त्यात निवळ ठेवायची नाही, हा सक्त नियम. ती कळकते, आणि कळकलेली निवळ पोटात गेली तर लग्नघरात वांत्यांची रांग लागेल.

उरलेली सगळी निवळ माई आत्याची.

माई आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. लग्नघरात तिने दही बांधायचं, चक्का चोळायचा, वेलदोडे सोलायचे, पण मांडवात यायचं नाही. हे त्या काळी कुणाला खटकायचं नाही, घरातल्या बायकांनासुद्धा नाही. श्रीखंडाच्या पातेल्यावर हक्क आजीचा आणि काकूंचा. किती वाढायचं, कुणाच्या घरी पाठवायचं, ते त्या ठरवणार. निवळीवर मात्र कुणी हक्क सांगत नव्हतं. ती आत्याने आपली म्हणून घेतली.

तिची दोन पेयं होती. पहिलं चैत्रातलं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगळीकडे आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं असतं, तसं आमच्याकडेही असे. फक्त पाडव्याचा चक्का बांधलेला असला की आत्या पन्ह्यात पाण्याऐवजी अर्धी निवळ घालायची. मग कैरी कमी लागे, गूळ थोडा जास्त लागे, आणि चवीला एक वेगळाच भरीवपणा येई. त्यात आंबवणं वगैरे काही नाही. त्याच दिवशी करायचं, त्याच दिवशी प्यायचं. हळदीकुंकवाला बायका ते पिऊन तारीफ करायच्या. करणारी आत स्वयंपाकघरातच असायची.

दुसरं वैशाखातलं, फालशाचं. ज्यांनी बडोद्याचे उन्हाळे पाहिलेत त्यांना फालसा सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: करवंदापेक्षा लहान, जांभळट तांबडं, आंबटगोड फळ. टोपलीत पानांखाली झाकून विकायला बायका येत आणि दोनतीन आठवड्यांत हंगाम संपून जाई. आत्या फालसे धुवायची नाही, नुसते फडक्याने पुसायची. हाताने कुस्करून, बिया न काढता, साखर घालून तासभर ठेवायची. मग चिनी मातीच्या बरणीत निवळ, हे कुस्करलेले फालसे, आल्याचा ठेचलेला तुकडा आणि चिमूटभर मीठ. तोंडाला फडकं बांधून बरणी घडवंचीखाली, पाण्याच्या माठांच्या ओल्या वाळूत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बरणीला कान लावायची. ‘बोलायला लागली’ म्हणाली की समजायचं, झालं. गाळायचं, वेलदोडा घालायचा, आणि दुपारी बाराच्या आत संपवायचं. रंग गुलाबी, वर बारीक फेस, जिभेवर चुरचुर. आम्ही पोरं रांग लावून उभी असायचो. जांभळं आली की जांभळांचंही करायची, पण ते तुरट व्हायचं आणि आम्हाला तितकं आवडायचं नाही.

आजोबांना, म्हणजे आमच्या अप्पांना, हे अजिबात पसंत नव्हतं. अप्पांनी खानगीत सयाजीराव महाराजांच्या अमदानीत नोकरी केलेली, प्रत्येक गोष्ट कायद्याच्या कलमात बसवून बघायची सवय. १ मे १९४९ ला बडोदं मुंबई प्रांतात विलीन झालं, आणि त्याच वर्षी मुंबईचा दारूबंदीचा कायदा झाला. १९६० मध्ये गुजरात वेगळा झाला तरी कायदा तोच राहिला, आजही आहे. त्या कायद्यातली दारूची व्याख्या फार रुंद आहे. ज्या ज्या द्रवात अल्कोहोल आहे तो द्रव दारू. किती टक्के, कशासाठी, हा प्रश्न तिथे नाही. बाल्सरा खटल्यात १९५१ साली सुप्रीम कोर्टाने औषधं आणि प्रसाधनं त्यातून सोडवली, बाकी व्याख्या शाबूत राहिली. अप्पांना हे सगळं पाठ.

“माई, हे आंबवलेलं पाणी पोरांना देऊ नकोस. उद्या कुणी विचारलं तर काय सांगू?”

“अप्पा, ढोकळ्याचं पीठ रात्रभर काय करतं हो? तेही बंद करू का?”

वाद इथेच थांबायचा, कारण अप्पांना ढोकळा फार आवडे. पण त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे नीरो विकतात तो आठवा. ताडाचा ताजा रस, सूर्य वर यायच्या आत प्यायचा. तोच दुपारी ताडी होतो. नीरो आणि ताडी यांच्यामध्ये फक्त काही तास आणि थोडं ऊन. आत्याच्या बरणीचंही तसंच, म्हणून तर तिची ती बाराची वेळ.

आणंदला गेल्यावर मला पहिल्यांदा कळलं की बरणीत नेमकं काय चालायचं. निवळीत साखर असते, पण ती दुधातली साखर, लॅक्टोज. विरजणातले जंतू ती खाऊन आंबटपणा तयार करतात. दही लागतं ते त्यामुळेच. यीस्टचं मात्र वेगळं. आपण पावाला वापरतो ते यीस्ट लॅक्टोज फोडू शकत नाही, त्याच्याकडे ते हत्यारच नाही. नुसत्या निवळीत पावाचं यीस्ट टाकून ठेवा, ते उपाशी बसेल. लॅक्टोज खाणारे यीस्ट आहेत, पण ते वेगळ्या जातीचे. आता यात फळाचा रस आणि साखर घाला. यीस्टला त्याचं खाणं मिळालं. ते साखर खातं, वायू सोडतं, चुरचुर येते आणि अगदी थोडं अल्कोहोलही होतं. तिकडे दह्याचे जंतू लॅक्टोजवर आपलं काम चालू ठेवतात. एका भांड्यात दोन स्वयंपाकी, एकाचं दुसऱ्याच्या ताटाकडे लक्ष नाही. आणि यीस्ट यायचं कुठून? फळाच्या सालीवरून. आत्या फालसे धूत नव्हती ते आळसाने नव्हे.

रसाचं काम एवढंच नाही. निवळ नुसती प्यायला बसलात तर दोन घोटांनंतर एक खारट, थोडा उतरल्या दह्यासारखा वास येतो. क्षार आहेत त्यात, कॅल्शियम, पोटॅशियम. आंबट फळं या चवीला सांभाळून घेतात. लिंबू, संत्रं, कैरी, आंबा, अननस, फालसा ही निवळीची माणसं. केळं किंवा चिकू घालून पाहा, वाईट लागतं. अननसाची एक गंमत सांगून ठेवतो. कच्च्या अननसाच्या रसात प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं, त्यामुळे दुधाच्या पदार्थात तो ठेवला की कडवट होतो. आधी रस उकळून घेतला की हा त्रास नाही.

जगात हे आपणच करत होतो असं समजायचं कारण नाही. आइसलंडमध्ये शेकडो वर्षं दह्यासारख्या स्कीरचं पाणी लाकडी पिपांत आंबवून ठेवत आणि साध्या पाण्यात मिसळून पीत. मांससुद्धा त्यात मुरवत. स्कॉटलंडच्या वर शेटलंड बेटांवर अशाच आंबवलेल्या निवळीला ब्लांड म्हणतात. स्वित्झर्लंडच्या गाइस या गावी १७४९ पासून लोक निवळ पिऊन तब्येत सुधारायला जायचे, आपल्याकडे हवापालटाला माथेरानला जातात तसे. त्याच देशात १९५२ साली रॉबर्ट बार्थ यांनी दुधाच्या निवळीपासून रिवेला नावाचं थंड पेय काढलं, आणि ते आज तिथे घरोघर आहे. तिथे निवळ बाटलीत गेली आणि टिकली. आपल्याकडे ती पातेल्यातून थेट मोरीत गेली. असं का झालं, हा माझा प्रश्न.

पहिलं कारण साधं आहे. चक्का घराबाहेर गेला. बडोदा जिल्ह्याची सहकारी दूध संस्था १९५७ सालची, तिची ‘सुगम’ ही खूण आपल्या सगळ्यांच्या फ्रिजमध्ये असते. १९७० च्या दशकात याच बडोद्यात यंत्रावर श्रीखंड करण्याची पद्धत बसवली गेली. साय काढलेल्या दुधाचं दही लावायचं, ते गरगर फिरणाऱ्या सेपरेटरमध्ये घालायचं. रात्रभर पंचातून जे गळायचं ते मिनिटांत वेगळं होतं. मग चक्क्यात साखर आणि दाट साय मिसळायची. धंदा म्हणून ही फार मोठी गोष्ट होती, आणि दूध घालणाऱ्या खेड्यांतल्या बायकांच्या हाती त्याने पैसा गेला, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण डबा घरात आला आणि पंचा गेला. पंचा गेला तशी निवळही गेली. आमच्या वाड्यात १९८० नंतर कुणी लग्नाचा चक्का घरी बांधला नाही.

आणि कारखान्यातल्या निवळीचं काय? शंभर लिटर दुधाचं पनीर केलं तर पंधरा ते वीस किलो पनीर आणि ऐंशीच्या आसपास लिटर पाणी. दुधातल्या घन पदार्थांपैकी जवळजवळ निम्मे या पाण्यात असतात. ते नाल्यात सोडलं तर पाण्यातले जंतू त्यावर तुटून पडतात आणि सगळा प्राणवायू संपवतात. ही मागणी मोजायचं एक माप असतं, बीओडी. घरगुती सांडपाण्याचं ते लिटरला दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम, व्हेचं तीस हजारांच्या वर. म्हणजे शंभरपट. मासे का मरतात ते यावरून कळावं. मोठ्या डेअऱ्यांनी पुढे शुद्धीकरणाच्या टाक्या बांधल्या, पावडरी केल्या. पण गल्लीबोळांतली पनीरवाली आणि मिठाईवाली मंडळी काय करतात, ते त्यांच्या दुकानामागे जाऊन बघा.

दुसरं कारण मला जास्त खुपतं. मी शिकून बाहेर पडलो त्याच सुमाराला, १९७२ मध्ये, राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ‘व्हेविट’ नावाचं पेय प्रसिद्ध केलं. निवळ तापवून, प्रथिनं साकळवून गाळायची. साखरेचा पाक आणि लिंबाचं सत घालायचं. संत्रं, अननस, लिंबू, आंबा असा स्वाद. मग पावाचंच यीस्ट घालून थंड जागी रात्रभर आंबवायचं आणि बाटलीत भरायचं. मी तो लेख वाचला तेव्हा अक्षरशः उठून उभा राहिलो. ही तर माई आत्याची बरणी! फालशाच्या जागी अननस, घडवंचीच्या जागी बावीस अंशांची खोली, बाकी सगळं तेच. पुढे त्याच संस्थेत ‘अ‍ॅसिडोव्हे’ झालं. त्यात यीस्टच नाही, फक्त अ‍ॅसिडोफिलस जातीचे दह्याचे जंतू, म्हणजे वायू नाही आणि अल्कोहोलचा प्रश्नही नाही.

१९७७ मध्ये कोका कोला देशातून गेलं तेव्हा बाजार मोकळा झाला होता. सरकारने काय केलं? म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेकडून कोलाचं सूत्र तयार करून घेतलं आणि मॉडर्न बेकरीवाल्यांकडून ‘डबल सेव्हन’ काढलं. म्हणजे परदेशी कोला गेला तर देशी कोला. दुधाच्या पाण्याचं स्वतःचं पेय पाच वर्षं छापून पडलं होतं, त्याची आठवण झाली नाही. आता डबल सेव्हनही कुणाला आठवत नाही, ते सोडा.

मी तेव्हा एका डेअरीत होतो. नाव सांगत नाही, माणसं गेली, डेअरीही बदलली. रोज पनीरचं पाणी नाल्याला जाताना बघवत नव्हतं, म्हणून दोघा सहकाऱ्यांना घेऊन उन्हाळ्यात प्रयोग केले. पहिली अडचण आंब्याची. गर तळाशी बसतो आणि वर पिवळं पाणी राहतं, बाटली बघूनच माणूस नाक मुरडणार. अननस आणि संत्रं जमलं. पनीरसाठी दूध आधी खूप तापवलेलं असतं, त्यामुळे बरीचशी प्रथिनं पनीरबरोबरच निघून गेलेली असतात आणि पाणी बऱ्यापैकी नितळ मिळतं. आत्याच्या निवळीचंही तेच, विरजायच्या आधी दूध उकळलेलं. चीजचं पाणी घेतलं असतं तर गाळून गाळून हात दुखले असते. दुसरी अडचण बाटलीची. यीस्ट जिवंत राहिलं आणि बाटली उन्हात राहिली तर बुच उडतं. आमची तीन उडाली, एक छताला लागलं. मग भरल्यावर बाटल्या गरम पाण्यात धरून यीस्ट मारायचं ठरलं. चव चांगली झाली होती. हमालांपासून हिशेबनिसांपर्यंत सगळ्यांनी पिऊन पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला आले. याहून मोठी पावती मला नको होती.

मग बाटली साहेबांच्या टेबलावर गेली. साहेब वाईट नव्हते. त्यांनी घोट घेतला, मान डोलावली, आणि विचारलं, “आंबवलंय?” मी हो म्हणालो. अल्कोहोल किती? अर्ध्या टक्क्याच्याही खाली, मी आकडा दाखवला. त्यांनी बाटली माझ्याकडे सरकवली. “आ बाटलीमां दारू नथी, एम हुं केटलाने समजावुं?” अप्पांचाच प्रश्न, फक्त गुजरातीत. मी अ‍ॅसिडोव्हेची गोष्ट काढली, यीस्टशिवाय करू म्हटलं. त्याला वायू नाही, म्हणजे कोल्ड्रिंक म्हणून विकलं जाणार नाही. ताकासारखं विकायचं तर थंड साखळी लागणार, आणि ताक स्वस्त. पत्रक फाइलला लागलं आणि पाणी नाल्याला.

आज कायदा या बाबतीत थोडा स्पष्ट झाला आहे. देशाच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत अर्ध्या टक्क्याहून जास्त अल्कोहोल असेल तरच मद्य. दुकानात कोंबुचा म्हणून आंबवलेला चहा चढ्या भावाने मिळतो, तो पिणारी तरुण मंडळी आपल्याच घरांतली आहेत. तिकडे व्हेतलं प्रथिन काढून, वाळवून, डब्यात भरून हजारो रुपयांना विकतात आणि जिममध्ये जाणारे नातू ते आनंदाने घेतात. बघा, मोरीत जाणारं पाणी पावडर होऊन परत आलं. माझं भांडण एवढंच आहे की त्याच्यातलं पिण्याजोगं जे होतं ते परत आलं नाही.

माझी भाची न्यूयॉर्क राज्यात असते. तिकडच्या आपल्या बायका आता दही बांधतच नाहीत, ग्रीक योगर्टचे डबे आणून त्यात साखर केशर घालतात, श्रीखंड तयार. ग्रीक योगर्ट म्हणजे दुसरं काय, यंत्राने काढलेला चक्काच. दहाबारा वर्षांमागे त्या राज्यात या योगर्टचा एवढा सुकाळ झाला की त्याच्या आंबट पाण्याचं करायचं काय, यावर सरकारी बैठका व्हायला लागल्या. शेतात सोडा, गुरांना पाजा, गॅस करा. आयर्लंडमध्ये तर १९७८ पासून चीजच्या पाण्यातल्या साखरेचं सरळ अल्कोहोल काढतात. भाचीने मला बातमी पाठवून विचारलं, “मामा, तुझी आत्या याचं काय करायची?” मी तिला कृती पाठवली. फालसा तिथे मिळत नाही, तिने चेरी घातली. म्हणाली, बरणी बोलली.

मी अजूनही वैशाखात एकदा करतो. माठ राहिले नाहीत, म्हणून बरणी रात्री ओल्या गोणपाटात, आणि सकाळी गाळून लगेच फ्रिजमध्ये. घट्ट झाकणाच्या बाटलीत बाहेर ठेवायचं नाही, काच फुटते. वास किंवा रंग जरा वेगळा वाटला तर मोह न धरता ओतून द्यायचं. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर त्यांना न आंबवलेलं चैत्रातलं पन्हंच द्या. फालसा आता मंडईत दोन ठिकाणीच दिसतो आणि प्लॅस्टिकच्या डबीत येतो. तो मात्र हल्ली मी धुतो, कशाकशाने फवारलेला असतो कोण जाणे. मग यीस्ट यावं म्हणून चार मनुका टाकतो. चव तीच येते असं म्हणणार नाही.

माई आत्या १९८६ मध्ये गेली. तिला व्हेविटचा लेख मी वाचून दाखवला होता, मराठीत सांगत सांगत. सगळं ऐकून तिने एवढंच विचारलं, “आलं नाही घालत ते?” मी म्हटलं नाही. “मग फिकं लागत असेल,” म्हणाली, आणि वाती वळायला बसली.

आता तुम्हा सगळ्यांना विचारायचं आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, जिथे जिथे आपल्या घरांतून चक्का बांधला जायचा, तिथे खालच्या पाण्याला काय म्हणत? ते प्यायचं कोण, त्यात कोणतं फळ पडायचं, आणि करणारी कोण होती? घरात कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आजच विचारा आणि इथे लिहा. हैदराबादकडे चिंच घालत, असं मला एका वहिनींनी आगगाडीत सांगितलं होतं. पुढचं विचारायच्या आत त्यांचं स्टेशन आलं.